गेममधलं गणित वर्गात का नाही?

संपादक साहेब, नमस्कार. माझा मुलगा बारावीला आहे, व्हेक्टर (दिशा असलेल्या राशींचं गणित) म्हटलं की तोंड वाकडं करतो आणि रात्री बसून स्वतःची छोटी गेम बनवतो. परवा म्हणाला, बाबा, बॉल भिंतीतून आरपार जातोय. मी पण बसलो शेजारी, म्हटलं बघूया तरी. तर झालं असं की स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नवीन चित्र काढते, बॉलचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका चित्रामागे, तो ३३ सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि भिंत होती फक्त १० सेंटिमीटर जाड, मग काय, एका फ्रेमला अलीकडे आणि दुसऱ्या फ्रेमला थेट पलीकडे, धडक झाल्याचं कॉम्प्युटरला कळणार कसं! मग पठ्ठ्याने बॉलच्या या दोन्ही जागा जोडणारी रेघ काढली आणि ती भिंतीला कुठे छेदते ते शोधलं. हे भूमितीच की हो, पुस्तकातलीच. गेममध्ये उडी मारणाऱ्या हिरोला पृथ्वीवरचं खरं ९.८ चं गुरुत्वाकर्षण दिलं तर तो फुग्यासारखा तरंगत खाली येतोय असं वाटतं, म्हणून तो आकडा मुद्दाम वाढवला, हे तर मला पण नवीनच होतं. क्लासवाल्यांनी आणि बोर्डाने प्रॅक्टिकलला असं एखादं तरी उदाहरण घ्यावं, एवढीच विनंती.

– एक पालक, सांगली