विषय: लग्नानंतर तीन वर्षांनी जन्मलेल्या पणजोबांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, वंशशोध विभाग

महोदय,

आपल्या पुण्यातील ग्राहक सेवा केंद्राशी आज सकाळी सत्तेचाळीस मिनिटे बोलणे झाले. या प्रकरणातील हा पाचवा फोन आणि माझ्यापुरता शेवटचा. तो मराठीत झाला म्हणून हे पत्रही मराठीतच लिहीत आहे. भाषेमुळे गैरसमज झाला असे म्हणण्याची सोय तरी आपल्याला राहू नये.

माझ्या सासूबाई बॉस्टनच्या आहेत, वय ८१. त्यांचे पणजोबा जॉन १८६३ च्या सुमारास आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतून बॉस्टनला आले. ते नेमके कोणत्या गावचे, एवढाच आमचा प्रश्न होता आणि तो सोडवण्यासाठी आपण साडेआठशे डॉलर घेतले. आम्ही रिकाम्या हाताने आलो नव्हतो. जॉन यांच्या १८६६ मधील बॉस्टनच्या विवाहनोंदीची प्रत आम्ही पहिल्याच दिवशी दिली. तिच्यात त्यांचे वय २३ असून आईवडिलांची नावे आहेत. सोबत ‘पायलट’ या बॉस्टनच्या कॅथलिक साप्ताहिकातील कात्रण होते. ताटातूट झालेल्या आयरिश नातलगांच्या शोधाच्या जाहिराती त्या पत्राने १८३१ पासून १९२१ पर्यंत छापल्या, हे मी आपल्याला सांगायला नको. जॉन यांच्या बहिणीने दिलेल्या या जाहिरातीत किलरशजवळच्या पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील भागाचे, नाव स्वच्छ छापलेले आहे. म्हणजे अर्धे उत्तर आपल्याला प्रश्नाबरोबरच मिळाले होते.

पाच महिन्यांनी आलेल्या अहवालात आपण जॉन यांचे गाव फीकल ठरवले आहे. किलरश क्लेअरच्या पश्चिम टोकाला शॅनन नदीच्या मुखाशी आहे आणि फीकल पार पूर्वेच्या डोंगरात. पुरावा म्हणून जोडलेला जन्मदाखला ऑक्टोबर १८६९ चा आहे. विवाहनोंद १८६६ ची आहे, आणि ती आपल्याच अहवालाच्या चौथ्या पानावर छापलेली आहे.

हे कसे झाले असावे याचा अंदाज मला आहे. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. त्या नोंदींची सूची नाव टाकताच समोर येते, आणि आपल्या संशोधकाला तिच्यात पहिला जो जॉन दिसला तो त्याने उचलला. १८४३ च्या सुमारास जन्मलेला माणूस त्या सूचीत सापडणारच नाही, त्याच्यासाठी पॅरिशच्या बाप्तिस्मा नोंदवह्या उघडाव्या लागतात, हे या धंद्यातले पहिले पाऊल आहे.

आता आजचे संभाषण सविस्तर सांगते, कारण ते ध्वनिमुद्रित होत असल्याचे मला दोनदा ऐकवण्यात आले आणि आपण ते ऐकावे अशी माझी इच्छा आहे.

मी विचारले, “१८६६ मध्ये लग्न झालेला माणूस १८६९ मध्ये कसा जन्मला?” आपले प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, त्या काळी लोक जन्माची नोंद उशिरा करायचे.” मी म्हटले, दाखल्यावर नोंदणीची तारीख वेगळी आहे आणि जन्माची वेगळी, मी जन्माच्या तारखेबद्दल बोलते आहे. त्यावर त्यांनी मला सात मिनिटे गाणे ऐकवले. परत आल्यावर म्हणाले, “मॅडम, इतक्या जुन्या गोष्टीत पाच-पंचवीस वर्षे इकडेतिकडे चालतात.” मग मी त्याच अहवालातील बाप्तिस्म्याची तारीख वाचून दाखवली: ऑगस्ट १८६९. जन्म ऑक्टोबरमध्ये आणि बाप्तिस्मा त्याआधी ऑगस्टमध्ये. ते शांतपणे म्हणाले, “ख्रिश्चन लोकांत तसे असेल, मॅडम.”

तसे नसते. मूळ पानावर पाद्रीबुवांनी ‘८बर’ असे लिहिले आहे. लॅटिनमधला ऑक्टो म्हणजे आपला अष्ट. ‘७बर’ म्हणजे सप्टेंबर आणि ‘८बर’ म्हणजे ऑक्टोबर. आपल्या संशोधकाने आकडा आठ पाहून आठवा महिना लिहून टाकला. थोडक्यात, आपल्या अहवालातील पणजोबांनी आधी लग्न केले, तीन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग सवडीने जन्म घेतला.

यावर हसून सोडूनही दिले असते, पण पुढचे वाक्य मी विसरणार नाही. आपले प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर आपल्याकडच्याच ना? मग त्यांच्या घराण्याची तुम्हाला एवढी काय पडली आहे?” मी त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले आणि त्यांनी ते म्हटले. महोदय, माझ्या माहेरच्या सात पिढ्यांची नावे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहेत आणि त्या वहीत मुलगा बापाच्या आधी जन्मलेला नाही. ज्या बाईंनी परक्या देशात मला लेकीसारखे वागवले त्यांच्या पूर्वजांची मला का पडली आहे, याचा खुलासा मी साडेआठशे डॉलर भरून आपल्याला का द्यावा?

शेवटी नेहमीचे कारण आलेच: “आयर्लंडचे सगळे रेकॉर्ड १९२२ मध्ये जळाले.” सगळे नाही जळाले. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार उद्ध्वस्त झाले, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ संपूर्ण गेल्या आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. कॅथलिक नोंदवह्या तिथे नव्हत्याच, त्या आपापल्या पॅरिशमध्ये होत्या. त्यांच्या मायक्रोफिल्मची चित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहेत.

डीएनएची कथा वेगळी नाही. औषधांमुळे सासूबाईंच्या तोंडाला कोरड पडते. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायला त्यांना पाऊण तास लागला, आणि पहिला नमुना आपल्याकडे ‘निकामी’ ठरल्यामुळे तो पाऊण तास त्यांनी दोनदा काढला. त्यातून फीकलच्या एका कुटुंबाशी २२ सेंटीमॉर्गनचा (डीएनएतील सारखेपणा मोजण्याचे एकक) जुळणारा अंश निघाला आणि तेवढ्यावर आपण ‘डीएनएने सिद्ध’ असा शिक्का मारलात. एवढा अंश चौथ्या पिढीच्या चुलतभावंडांत असू शकतो, त्याहून कितीतरी लांबच्या नात्यातही असू शकतो, आणि तो कोणत्या पूर्वजाकडून आला हे आकडा सांगत नाही. ती व्यक्ती सासूबाईंच्या आईकडच्या नातलगांशीही जुळते, हे आपल्याच यादीत दिसते. जॉन मात्र वडिलांकडचे. त्यावर कळस म्हणजे आपण सासूबाईंच्या नमुन्यावर वाय-क्रोमोसोम चाचणी सवलतीत करून देण्याचे पत्र पाठवलेत. सासूबाई स्त्री आहेत. वाय-क्रोमोसोम बापाकडून फक्त मुलग्याकडे जातो, स्त्रीत तो नसतो. त्यांचे धाकटे भाऊ हयात असून ते चाचणीला तयार आहेत हे आम्ही अर्जात लिहिले होते. त्यांना कोणी विचारले नाही.

नुसत्या नावाच्या सारखेपणावर भिस्त ठेवली की काय होते याचे उदाहरण या क्षेत्रात सर्वांना पाठ आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर पहिली उतरलेली कॉर्कची अ‍ॅनी मूर म्हणून कित्येक वर्षे टेक्सासमधल्या एका बाईंचा गौरव होत राहिला, आणि २००६ मध्ये उघड झाले की त्या बाई मुळात अमेरिकेतच जन्मलेल्या होत्या. खऱ्या अ‍ॅनीचे आयुष्य न्यूयॉर्कमध्ये गेले. तिथे निदान जन्म लग्नाच्या आधी झाला होता.

मागच्या शनिवार-रविवारी मी स्वतः त्या कात्रणातील पॅरिशची पाने उघडली. दुसऱ्या रात्री १८४३ ची नोंद सापडली: योआन्नेस, म्हणजे जॉन, आईवडील विवाहनोंदीत आहेत तेच. उजव्या कडेला वाडीचे नाव लिहिलेले आहे, पण त्यावर शाईचा डाग असल्याने पहिली चार अक्षरेच लागतात. ती पुढची अक्षरे लावण्यासाठी, १८५५ च्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनाशी (कोणत्या वाडीत कोणाकडे जमीन होती याची सरकारी यादी) ताडून पाहण्यासाठी जाणकार माणूस हवा होता. त्यासाठीच आम्ही आपल्याकडे आलो होतो.

पूर्ण रक्कम दोन आठवड्यांत परत करावी, सासूबाईंचा नमुना आणि त्यावरील सर्व माहिती नष्ट केल्याचे लेखी कळवावे, आणि ‘डीएनएने सिद्ध’ हा शिक्का मारलेली वंशावळ आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकावी, नाहीतर उद्या दुसरे कोणी ती खरी मानून चालेल. तसे न झाल्यास मी क्रेडिट कार्ड कंपनीकडे हा व्यवहार नाकारेन आणि मॅसॅच्युसेट्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे ध्वनिमुद्रणाच्या मागणीसह तक्रार करेन. दिलगिरीचे कूपन पाठवू नये. मागचे दोन तसेच पडून आहेत.

सप्टेंबरमध्ये सासूबाईंची शॅनन विमानतळाची तिकिटे काढलेली आहेत. आपल्या अहवालावर विसंबून मी त्यांच्यासाठी फीकलजवळ खोली घेतली होती. ती आज रद्द केली, त्याचे साठ युरोही वरील रकमेत धरावेत.

आपली,
एक ग्राहक (ग्राहक क्रमांक आपल्याकडे पाच वेळा नोंदवलेला आहे)