खलनायक उसना घ्यावा, पण मुखवट्यासकट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी गोष्ट रचत खेळायच्या भूमिकांच्या खेळांचे वेड आता अमळनेरच्या मुलांनाही लागले आहे. या खेळांतला दुष्ट सिनेमातून किंवा वेबमालिकेतून आयता उचललेला असतो आणि त्यामुळे मुलांची कल्पकता खुंटते, अशी तक्रार काही पालक करतात. हा खेळ दर रविवारी माझ्याच ओसरीवर चालत असल्याने मला ती अर्धीच खरी वाटते.

उसनवारी या खेळात जुनीच आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच एक खेळ १९७४ मध्ये आला. त्यातील सर्वांत गाजलेल्या खलनायकांपैकी एक, १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या त्यातल्या साहसकथेतला स्ट्राड, उघडउघड ड्रॅक्युलाच्या कुळातला आहे. मात्र ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने केवळ काळा झगा आणि सुळे घेतले नाहीत. भावाच्या वाग्दत्त वधूवर मन जडल्याने भावाचाच जीव घेणारा आणि तरीही ती हाती न लागलेला सरदार त्यांनी उभा केला. (उलटी देवघेवही चालते: ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेने २०२२ मध्ये आपल्या खलनायकाला या खेळातल्याच वेक्नाचे नाव दिले.)

माझ्या पुतण्याने पहिल्यांदा खेळ चालवला, म्हणजे गोष्ट सांगत खलनायकाच्या तोंडून बोलायचे काम घेतले, तेव्हा त्याने मोगॅम्बोला नावासकट आणून बसवले. मोगॅम्बोने तोंड उघडण्याआधीच पोरांनी एका सुरात त्याचे वाक्य म्हणून टाकले आणि दरारा तिथेच संपला. सिनेमात खलनायकाने कधी यावे, किती बोलावे हे लेखक ठरवतो. इथे समोरचे पाच जण त्याचे बोलणे मध्येच तोडू शकतात, पहिल्याच भेटीत तलवार उपसू शकतात किंवा त्याच्याकडे पाठ फिरवून भलत्याच गावाला निघू शकतात. म्हणून पडद्यावरच्या खलनायकाचे हसणे आणि पोशाख टेबलावर टिकत नाहीत, त्याची रीत टिकते. ‘शोले’तला गब्बर बऱ्याच उशिरा समोर येतो, पण गावातली भीती त्याच्या आधी येऊन बसलेली असते, ही रीत कोणत्याही राक्षसाला लावता येते.

याहून उपयोगी नमुना आपल्या मराठीतच आहे, आणि पोरांना तो ठाऊक नव्हता याचे मला वाईट वाटले. ‘सामना’मध्ये निळूभाऊ फुले यांनी उभा केलेला हिंदुराव धोंडे पाटील कुणावर तलवार उगारत नाही, तो भणंग मास्तराला घरी ठेवून घेतो, त्याला खाऊपिऊ घालतो, आणि मारुती कांबळेचे काय झाले हा प्रश्न त्या पाहुणचारावर लोंबकळत राहतो. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर शस्त्र कसे चालवायचे, हा पेच कोणत्याही ड्रॅगनच्या आगीपेक्षा अवघड आहे.

सिनेमा पाहिल्यावर पुतण्याने बोरी नदीकाठचा एक सरकार रचला. गावातल्या सगळ्या विहिरी त्याच्या ताब्यात, बोलणे मऊ, आणि दारी येईल त्याला कळण्याची भाकरी नि वांग्याचे भरीत. पोरे तीन रविवार त्याच्या पंगतीला बसली. चौथ्या रविवारी एकीने भीतभीत विचारले, की विहीर खोदणारा तो माणूस कुठे गेला? पुतण्याने फासा उचललाच नाही, सरकारच्या आवाजात तो इतकेच म्हणाला, “भरीत आणखी वाढू का?”

आपला नम्र,
एक वाचक, अमळनेर, जि. जळगाव