शंभरपर्यंत म्हणता येतं, पण तीन देता येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालवर्गाला आणि पहिलीला मी बरीच वर्षं शिकवते आहे. ‘आमची शंभरपर्यंत अंक म्हणते,’ असं पालक कौतुकानं सांगतात, तेव्हा मलाही आनंद होतो. पण तेवढ्यावर मुलाला गणित येतंय असं समजून पुढची घाई होते, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

परवा साडेचार वर्षांच्या एका मुलीपुढे मी सात बटणं मांडली. एकेका बटणावर बोट टेकवत तिनं ‘एक, दोन’ करत सातपर्यंत अचूक मोजलं. ‘मग किती आहेत?’ असं विचारल्यावर ती पुन्हा एकपासून सुरू झाली. परत विचारलं, परत मोजलं. ‘यातली तीन मला दे’ म्हटल्यावर तिनं मूठभर बटणं उचलून माझ्या हातावर ठेवली. घरी तिची १ ते १०० लिहिलेली अख्खी वही भरली आहे!

शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली, त्यातलंच हे एक. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला आणि सुरुवात कुठल्याही वस्तूपासून केली तरी उत्तर तेच, हीसुद्धा त्यातलीच. मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्यात शिकण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही.

मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या समोरासमोर मांडलेल्या दोन ओळींपैकी एक ओळ लांब पसरून ‘कुठे जास्त आहेत?’ विचारलं, की लहान मूल लांब ओळीकडे बोट दाखवून म्हणतं, ‘इथे जास्त आहेत.’ पण १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी एका खोडकर टेडीकडून ती ओळ विस्कटवून घेतली, तेव्हा बरीच जास्त मुलं बरोबर उत्तर देऊ लागली. मोठ्या माणसानं स्वतः मांडणी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं असं मुलाला वाटतं. मी स्वतः कितीतरी वर्षं असेच प्रश्न विचारत होते, याची मला आजही रुखरुख आहे.

त्यात आपल्या भाषेची एक अडचण आहे. ‘चौतीस’ ऐकताना आधी चार कानावर पडतात आणि मग तीस, म्हणून मूल ४३ लिहून मोकळं होतं. त्याला निष्काळजी म्हणू नका, ते ऐकलं तसंच लिहितं. दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या त्याच्या हातात द्या, गठ्ठे आधी मांडू द्या आणि मगच पेन्सिल द्या.

पालकांना आणि बालवर्ग चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की शंभरपर्यंत लिहून घेण्याची सक्ती थांबवा. रोज दहा मिनिटं मुलासोबत बटणं, खडे, चमचे मोजा. मोजून झालं की ‘किती झाले?’ विचारा आणि ‘मला चार दे’ म्हणा. मूठभर दिले तर रागावू नका, त्याच्यासोबत एकेक मोजत चारावर थांबा.

त्या मुलीला मी आता रोज दोनच बटणं मागते. काल तिनं ती बरोबर दिली.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका