दाव्यात ‘पाणी’ लिहायला हवे होते

महोदय,

बॅटरीच्या पेटंटवर वाद झाला की ‘हे तर जुन्या पुस्तकात आहेच’ असे हमखास ऐकू येते. असेलही, पण दाव्यातले (म्हणजे पेटंटात शोधाची हद्द शब्दांत आखणाऱ्या कलमातले) सगळे घटक, त्याच जुळणीत, एकाच दस्तऐवजात आहेत का? नावीन्य जाते ते तेव्हाच.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा २१ फेब्रुवारी १९६६ चा, ॲडम्स या शोधकाच्या बॅटरी-पेटंटावरचा निकाल यासाठी काढून वाचावा. बॅटरी अगदी साधी: एक इलेक्ट्रोड मॅग्नेशियमचा, दुसरा वितळवून घडवलेल्या क्युप्रस क्लोराइडचा. कोरडी ठेवायची, लागेल तेव्हा साधे किंवा मिठाचे पाणी ओतायचे. हे पेटंट अवैध ठरवायला अमेरिकी सरकारने अपिलात निओदेच्या ग्रंथातला जस्त व सिल्व्हर क्लोराइडचा घट दाखवला. जस्ताऐवजी मॅग्नेशियम वुडच्या पेटंटातून आणले, क्युप्रस क्लोराइड वेन्स्कीच्या. म्हणजे तीन ठिकाणची ठिगळे! न्यायालयाने ते मानले नाही. सर्किट खुले असतानाही चालू राहणारी, तापणारी बॅटरी निरुपयोगी, असेच तोवरचे ज्ञान सांगत होते. ॲडम्सने नेमकी तशीच बॅटरी उपयोगाची करून दाखवली.

सरकारचा खरा चिमटा वेगळाच होता. पहिल्या दाव्यात भांडे, दोन इलेक्ट्रोड आणि टर्मिनल आहेत. पाण्याचा शब्द नाही. पाणी फक्त वर्णनात, म्हणजे पेटंटात शोध समजावून सांगणाऱ्या भागात. न्यायालयाने वर्णनाच्या उजेडात दावा वाचला म्हणून निभावले. मसुदा करणाऱ्याने एवढ्यावर विसंबू नये.

आपल्याकडे मुंबई पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला तर पेटंट कायद्याच्या कलम ११७-ए खाली तीन महिन्यांत अपील करायचे. २०२१ पासून ते मुंबई उच्च न्यायालयात जाते. अपिलाआधी एक तक्ता करावा. डावीकडे दाव्याचा एकेक तुकडा, उजवीकडे एकाच जुन्या दस्तऐवजातले पान आणि ओळ. उजव्या रकान्यात दुसरा दस्तऐवज घ्यावा लागला, तर तो आक्षेप नावीन्याचा राहत नाही. उघडपणाचा (‘हे जाणकाराला सहज सुचले असते’ असा) होतो, आणि त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागते. आदेशात हे दोन्ही सर्रास एकत्र कालवलेले असतात. ‘मॅग्नेशियमही चालेल’ एवढी ओळ जुन्या कागदात सापडली, तर तेवढ्या वाचनावर जाणकाराला घट बांधता येईल का, हेही तपासावे. आम्ल विद्युतद्राव्यात (घटातल्या द्रवात) मॅग्नेशियम हायड्रोजन सोडत भराभर विरघळते, तेव्हा द्रव कोणता हे गौण नाही.

दावा अरुंद करायची वेळ आली तर कलम ५९ आहे. पण वर्णनात जे मुळातच नाही ते नंतर दाव्यात आणता येत नाही.

— एक पेटंट एजंट, पुणे