दोन विहिरी, एकच पातळी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "बाबा, दुष्काळ एकच, पण दर तासाला त्याचं कारण वेगळं. भूगर्भशास्त्राच्या मॅडम म्हणतात खडक बघा. अर्थशास्त्राचे सर म्हणतात वीजबिल बघा. समाजशास्त्राच्या तासाला म्हणतात, पाणवठा कोणाचा ते आधी विचारा. यातलं खरं कोणाचं?" मी "नंतर बोलू" म्हणालो आणि तुझ्या जेवणाची चौकशी करत बसलो. तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे. सगळी नोकरी भूजलात गेली माझी, तुला उत्तर द्यायला हवं होतं. म्हणून आज सकाळचा चहा झाल्याझाल्या लिहायला बसलोय.

आपल्या गावातल्या दोन विहिरींपासून सुरुवात करतो. एक तुला माहीत आहे, आपली, वडाजवळची. दुसरी ओढ्याच्या अंगाला, दलित वस्तीपाशी. तिचा कठडा आता ढासळलाय. तू लहान असताना आम्ही तुला तिकडे कधी नेलं नाही.

नोकरी लागली त्या पहिल्याच मे महिन्यात मी या दोन्ही विहिरींची पातळी मोजली. तेव्हा साधा पोलादी टेप असायचा. त्याच्या टोकाला हातभर खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढायचा आणि खडू कुठपर्यंत भिजलाय ते बघायचं. जमिनीचा चढउतार हिशेबात धरला तर दोन्ही विहिरींच्या पातळीत वितीचाही फरक नव्हता. मला फार आनंद झाला. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर दिसत होतं. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, त्याच्याखाली काळा पाषाण. पाणी धरतो तो मांजऱ्या, कारण तो भोकाभोकांचा आणि कुजलेला असतो. काळ्या पाषाणात भेगा असतील तेवढंच पाणी. आपला मांजऱ्या वडापासून ओढ्यापर्यंत सलग पसरलेला आहे, म्हणून दोन्ही विहिरी एकच पाणी पीत होत्या. मी वहीत दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि पुढच्या गावाची एसटी पकडली.

दोन विहिरी का, हा प्रश्न मला पडलाच नाही. त्या पिढीत आपल्या विहिरीच्या थारोळ्याला वस्तीवरच्या कोणी हात लावायचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते "माहीत असणं" माझ्या शास्त्रात बसत नव्हतं. खडकाने एकच पाणी दिलं होतं, त्याचे दोन पाणवठे गावाने केले, आणि माझ्या नकाशावर ते फक्त दोन ठिपके होते. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने ठराव करून आधीच सर्वांना खुलं केलं होतं, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जाऊन पाण्याला हात लावावा लागला आणि पुढे कोर्टातला दावा १९३७ पर्यंत चालला. ही गोष्ट मी शाळेत इतिहास म्हणून पाठ केली होती. पाण्याचा अभ्यास करताना ती एकदाही आठवली नाही. तुझ्या समाजशास्त्राच्या तासाला जे विचारतात ते मी विचारायला हवं होतं.

तुझ्या आजीचंही असंच. ती पहाटे चारला उठून पाण्याला जायची. मी घरी असलो की म्हणायचो, "आई, इतक्या अंधारात कशाला? सहाला जा." ती म्हणायची, "चारला घागर भरती, सहाला गाळ येतो." याला आमच्या शास्त्रात नाव आहे, विहिरीचा भरणा. पंप बंद करायचा, घड्याळ लावायचं आणि तासाला पाणी किती चढतं ते मोजायचं. ते मी शेकडो विहिरींवर केलंय. रात्रभर पाझरून जेवढं साचायचं, तेवढं पहिल्या दहा बायका नेत, अकरावीला गाळ. आजीला आकडा ठाऊक नव्हता, पण त्या आकड्याची किंमत ती रोज दोन तासांच्या झोपेने भरत होती. माझ्या अहवालात झोपेसाठी रकाना नव्हता. कोणाच्याच अहवालात नव्हता, आणि हे मी समजूत म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय.

आता बोअरची गोष्ट. ही मी तुला कधी सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात गावात बोअर घ्यायची लाट आली. तुझे काका, त्यांचे शेजारी, सगळे माझ्याकडे यायचे. "भाऊ, पॉइंट दे." तेव्हा पाणाड्यावर लोकांचा जास्त विश्वास होता, त्यामुळे आपल्या गावाने मला विचारावं याचा अभिमान वाटायचा. मी भेगांच्या रेषा बघून जागा दाखवायचो आणि बहुतेक ठिकाणी पाणी लागायचं. एकही पॉइंट शास्त्राला सोडून दिला नाही. चार-पाच वर्षांत ऊस आला. मग वडाजवळची विहीर मार्चमध्ये आटू लागली, आणि वस्तीची त्याच्या आधी, फेब्रुवारीत. लोक म्हणाले, पाऊस कमी झाला. मला ठाऊक होतं की खालचा साठा एकच आहे आणि नळ्या वाढल्या आहेत. मी ते गावात उभं राहून सांगितलं नाही. "माझं काम पॉइंट द्यायचं," असं स्वतःला सांगत राहिलो.

तुझ्या अर्थशास्त्राच्या सरांचं मला पटतं ते इथेच. शेतीपंपाचं बिल अश्वशक्तीवर ठरलेलं असेल तर एक तास चालवा की दहा तास, खर्च तेवढाच. मी थांबलो तर माझ्या वाटचं पाणी शेजारी ओढणार. आणि उसाला गिऱ्हाईक ठरलेलं, टोमॅटोसारखा रस्त्यावर ओतायची पाळी येत नाही. काका काही हावरट नव्हते. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

कायद्याचं काय, हेही वाच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क मानला. तो लिहिणाऱ्यांनी मांजऱ्या खडक पाहिला नव्हता. जमिनीला बांध असतो, मांजऱ्याला नसतो. पुढे आपल्या राज्यात १९९३ चा कायदा आला, सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको म्हणणारा. नंतर २००९ चा, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालू पाहणारा. दोन्ही चांगले. आपल्या गावातल्या खोल बोअर मात्र रात्री झाल्या. संध्याकाळी गाडी यायची, पहाटे जायची.

एक गोष्ट तुला आवडेल. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी एक लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की सामाईक कुरण प्रत्येकजण ओरबाडणार आणि ते उजाड होणार. हार्डिन जीवशास्त्रज्ञ होते. त्यांना खोडून काढलं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी. त्या राज्यशास्त्राच्या, आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचा पीएच.डी.चा विषय माहीत आहे? दक्षिण कॅलिफोर्नियातलं भूजल. उपसा इतका झाला होता की समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं, आणि पंपवाल्यांनी एकत्र बसून तो कमी करायचं ठरवलं. ते लोक कसे बसले-बोलले, हे ऑस्ट्रॉम बाईंनी जाऊन बघितलं. सिद्धांत घरी बसून मांडला नाही.

आपल्याला तर कॅलिफोर्नियापर्यंत जायचीही गरज नव्हती. नायगाव आपल्याच पुरंदर तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे तिथे आले. इंजिनिअर, पुण्यात कारखाना असलेला माणूस. त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्ध्या एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. बांध कुठे घालायचा हे इंजिनिअरने सांगितलंच असतं, पण माणशी वाटा हे त्यांच्या पदवीच्या पुस्तकात नव्हतं. हिवरे बाजारनेही शेतीसाठी बोअर बंद केली आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवू लागलं. मी दोन्ही गावं पाहिली आहेत. खडक आपल्यासारखाच.

आणि परिसरशास्त्र. तुझी मैत्रीण त्यात आहे ना? तिला सांग, तिच्या विषयाने माझी एक सवय मोडली. ओढ्यातून जाणाऱ्या पाण्याला आम्ही "वाया जाणारं पाणी" म्हणायचो आणि अडवायचो. एकदा पौषात ओढ्याकाठी बसलो होतो. पाऊस जाऊन तीन महिने झाले तरी खळग्यात पाणी हलत होतं, उंबराची मुळं त्यात उतरलेली, दगडाखाली खेकडी. ते पाणी मांजऱ्यातूनच येत होतं. म्हणजे ते वाया जात नव्हतं, कुणाकडे तरी जात होतं. विहिरी खाली गेल्या तेव्हा ओढ्याचा हा पाझर आधी तुटला. पुढे प्लास्टिकच्या कागदाची शेततळी झाली, ती विहिरीचं पाणी उपसून भरायची आणि उन्हात ठेवायची, हे तर मला बघवत नाही.

तर खरं कोणाचं? मला वाटतं पहिली मर्यादा खडकच घालतो. मांजऱ्यात जेवढं मावतं त्याच्यापेक्षा थेंबभर जास्त पाणी कोणताही कायदा, कोणताही भाव, कोणतीही चळवळ देऊ शकत नाही. इथे मी माझ्या शास्त्राची बाजू सोडणार नाही. पण त्या मर्यादेच्या आत पाणी कोणाच्या घागरीत पडतं, कोण चारला उठतं, कोणाची विहीर महिनाभर आधी आटते, याचं उत्तर खडकात शोधून सापडत नाही. तू एक विषय मुळापर्यंत शिक. पाच विषयांची वरवरची टिपणं काढत बसू नकोस, त्याने कोणत्याच विहिरीत टेप सोडता येत नाही. पण पाहणीला जाशील तेव्हा मी नेला नव्हता तो प्रश्न बरोबर ने: माझ्या वहीत कशाचा रकानाच नाही?

आईने मेतकूट आणि लसणाची चटणी कुरियरने पाठवली आहे. डबा घट्ट लावलाय, उघडताना जपून.

मे महिन्यात येशील तेव्हा चार दिवस गावी जाऊ. टेप आहे माझ्याकडे, खडू घेऊन ठेवतो. वडाजवळच्या विहिरीत तू टेप सोड. मग वस्तीच्या विहिरीकडे जाऊ. तिच्या शेजारच्या घरात एक आजी राहतात, तुझ्या आजीच्या वयाच्या. त्या पाण्याला किती वाजता उठायच्या, ते मला त्यांना विचारायचं आहे.

तुझा,
बाबा