जेमिनीतलं टीएलएस काढू नकोस

धरमपेठ, नागपूर

प्रिय सुहास,

जेमिनी म्हणजे साध्या मजकुराची पानं पाठवण्याचा वेबसारखाच, पण छोटा प्रोटोकॉल. तुझ्या रास्पबेरी पायवरच्या (छोट्या संगणकावरच्या) जेमिनी सर्व्हरमधून टीएलएस, म्हणजे वाटेतला मजकूर गुप्त ठेवणारं एनक्रिप्शन, काढून टाकलं की सर्व्हर सोपा होईल, असं तू लिहिलंस. गोफर हा जुना प्रोटोकॉल तसाच आहे: पोर्ट ७०, एक ओळ पाठवा, उत्तर घ्या. पण वाटेतला कुणीही तो मजकूर वाचू शकतो, बदलूही शकतो. २०१९ साली आलेल्या जेमिनीत टीएलएस सक्तीचं आहे, आणि ते तसंच राहू दे, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. जेमिनीच्या उत्तरात मजकुराची लांबी कुठेच लिहिलेली नसते. कनेक्शन बंद झालं की मजकूर संपला. म्हणून शेवटी टीएलएसचा क्लोज-नोटिफाय (‘संपलं’ असा निरोप) पाठवायला विसरू नकोस, नाहीतर पान पूर्ण आलं की मध्येच तुटलं हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

वाचणाऱ्याकडून येणारी विनंती म्हणजे पानाचा पूर्ण पत्ता आणि शेवटी सीआर-एलएफ (ओळ संपल्याची खूण), बस. ती एका दमात येईलच असं धरू नकोस. सीआर-एलएफ दिसेपर्यंत वाचत राहा. पत्त्याला मर्यादा १०२४ बाइटची. देवनागरीतलं एकेक चिन्ह (मात्राही धरून) यूटीएफ-८ या लिपी-संकेतात ३ बाइट, पत्त्यात टक्क्याची खूण लावून लिहिलं की ९. नुसतं 'नागपूर' ५४ बाइट खातं! फोल्डरांची नावं आखूड ठेव, लेख हवा तेवढा लांब लिही.

टीएलएसला लागणारं सर्व्हरचं ओळखपत्र, म्हणजे प्रमाणपत्र, स्वतःच सही केलेलं चालतं. क्लायंट (वाचकाचा प्रोग्रॅम) पहिल्या भेटीत त्याचा ठसा नोंदवतो, पुढे ठसा बदलला की इशारा देतो. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी बदलणारं फुकटचं प्रमाणपत्र इथे डोकेदुखी ठरतं. दिवस सांगितले नाहीत तर ओपन-एसएसएल हा प्रमाणपत्र बनवणारा प्रोग्रॅम ३० दिवसांचंच बनवतं, ३६५० दे. मुदत पायच्या घड्याळावरून मोजली जाते, म्हणून आधी ते बघ. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईन जाऊन आली आणि नेट अजून बंद असलं, तर तारीख मागेच राहते. प्रमाणपत्राची आणि त्याच्या गुप्त किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेव. उन्हाळी वादळात लाईन जाते-येते, त्यात एसडी कार्ड गेलं तर किल्लीही जाईल आणि सगळ्या वाचकांना इशारे दिसतील.

राउटरवर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला, तर जेमिनीचं पोर्ट १९६५ पायकडे फॉरवर्ड करून उपयोग नाही. तो पत्ता नेट कंपनीच्या आतल्या जाळ्यातला असतो, बाहेरचा एकच पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतो का बघ, नाहीतर भाड्याचा छोटा सर्व्हर घे.

क्लायंटची पहिली भेट हीच या ठसा नोंदवण्याच्या पद्धतीतली कच्ची जागा, तेव्हा आलेला ठसा खरा की खोटा हे त्याला कळत नाही. रविवारी महालात येतो तेव्हा प्रमाणपत्राच्या ठशाची (एसएचए-२५६ पद्धतीने काढलेल्या) ६४ अक्षरं तुझ्या स्क्रीनवरून माझ्या फोनशी ताडून घेऊ.

तुझा,
अनिरुद्ध