दुकानात उघडायचं पत्र

पुणे, रविवार रात्र

प्रिय शिवा,

पोरीला सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला हे कळल्यावर इकडे पेढे आणले. तुझ्या वाटणीचा मीच खाल्ला. दुसऱ्याच दिवशी तुझे दोन लॅपटॉपचे फोटो आले आणि पाठोपाठ फोन, ‘काउंटरवर उभा आहे, कुठला घेऊ पटकन सांग.’ अरे, तासगावच्या सौद्यात बेदाणा तोंडात टाकून बघितल्याशिवाय कुणी बोली लावतं का? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. घडी घालून खिशात ठेव.

आधी तो 85 हजारांचा. ‘इंजिनिअरिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच’ हे वाक्य तीन वर्षांपूर्वी मलाही ऐकवलं गेलं होतं आणि मी मान डोलावून आमच्या चिरंजीवांना असलंच धूड घेऊन दिलं. सव्वादोन किलो वजन, वर विटेएवढा चार्जर. बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकायची नाही. दुसऱ्या सेमिस्टरपासून ते टेबलावरून हललंच नाही, कॉलेजात हा मित्राच्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचा. ग्राफिक्स कार्डाचा उपयोग गेम खेळायला झाला, हे त्यानं परवा स्वतःच कबूल केलं. तुझी पोरगी तर रोज तासगाव-सांगली एसटीनं जाणार, आणि सकाळच्या गाडीला बसायला जागा कधी मिळते ते तुला ठाऊक आहे. 14 इंची, दीड किलोच्या आतला बघ. चार्जिंग टाइप-सीवर होत असेल तर उत्तम. वाड्यावरच्या लाइटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीचा वॉट-अवरचा, म्हणजे साठवणीचा, आकडाही वाच. 40-42 असेल तर नको, 50 च्या वर हवा.

सिव्हिलला काय लागतं म्हणशील, तर पहिल्या वर्षी फार काही नाही. गणित, फिजिक्स, ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग. (आपण निळ्या पडद्यावर टर्बो सी करत होतो. काही कॉलेजांत अजून तेच चालतं म्हणे, हसावं की रडावं कळत नाही.) पुढे ऑटोकॅड, स्टॅड, ईटॅब्स, रेव्हिट ही ड्रॉइंगची आणि इमारतीच्या डिझाइनची सॉफ्टवेअरं. यात रेव्हिट तेवढं जड, पण अभ्यासापुरती दोन-तीन मजल्यांची इमारत प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर निघते, फक्त रॅम 16 जीबी हवी. वहिनींच्या मनात मॅकबुक आहे असं कळलं. दिसतो झकास, बॅटरीही दिवसभर चालते, पण रेव्हिट आणि ईटॅब्स विंडोजवरच चालतात. तिथंच विषय संपला. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना कंपनीच वर्षाच्या मुदतीनं फुकट देते, मुदत वाढवूनही मिळते. तेव्हा ‘सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणणाऱ्याचा पेन ड्राइव्ह लावू देऊ नकोस.

आता दुसरा, 38 हजारांचा. त्यावर रायझन 5 हे प्रोसेसरचं नाव लिहिलंय, म्हणून तू खूश. फोटो मोठा करून नंबर वाचला, 7520यू. या सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. इथं तो 2 आहे, म्हणजे झेन 2, 2019 सालची रचना. शेजारचा 7530यू एका आकड्यानं वेगळा दिसतो, पण तो झेन 3, आणि कोअर, म्हणजे आतले काम करणारे हात, चाराऐवजी सहा. म्हणजे कोल्ड स्टोरेजमधला मागचा माल नव्या बॉक्सात भरलाय, आणि हे तुला मी शिकवायला नको. इंटेलचा दाखवला तर ‘आय5’वर जाऊ नकोस, पुढचे आकडे वाच. 1235यू, 1335यू यांतले पहिले दोन अंक पिढीचे. 12 च्या खालचं काही घेऊ नकोस.

त्या 38 हजारवाल्यात अजून एक गोम आहे. रॅम 8 जीबी आणि तीही बोर्डावर डकवलेली. नंतर वाढवता येत नाही. पूर्वी मीच सांगायचो, आठ घे, पुढे टाकू. पण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढायला सुरुवात केल्यापासून, 2025 च्या अखेरीपासून, रॅमचे भाव असे चढलेत की ‘पुढे टाकू’ महागात पडतं. दुसरा कुठला बघशील त्यात रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे का, एवढं मात्र विचार. एसएसडी 512 जीबी पुष्कळ. विंडोजमध्ये ती 476 दिसेल, तेव्हा दुकानदाराशी भांडू नकोस, मोजायची पद्धत वेगळी आहे.

ऑफिसात दोनशेच्या वर लॅपटॉप माझ्या हाताखालून जातात. प्रोसेसर कमी पडला म्हणून टेबलावर आलेले बोटांवर मोजण्याइतके. येतात ते बिजागरी तुटलेले, चहा पिलेले, चार्जिंगचं तोंड ढिलं झालेलं. म्हणून दुकानात झाकण एका हातानं उघडून बघ. स्क्रीन करकरली किंवा कोपऱ्यात वाकली तर खाली ठेव. पोरीला सोबत ने आणि तिलाच पानभर टाइप करू दे. चार वर्षं त्या कीबोर्डवर बोटं तिची चालणार आहेत, तुझी नाहीत. स्क्रीन उजेडात धर. 250 निट्सवाली, म्हणजे कमी उजेडाची, एसटीच्या खिडकीशी आरशासारखी होते.

साठ-पासष्ट हजारांच्या आत बसव. उरलेले द्राक्षाच्या छाटणीला लागतील, हप्त्यावर काही घेऊ नकोस. बिलावर सीरियल नंबर लिहून घे आणि बॉक्स तुझ्यासमोर फोडायला लाव. आणि कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस होऊ देत. तिथल्या सीनियर पोरी कुठल्या सरांना कुठलं सॉफ्टवेअर लागतं ते नेमकं सांगतील, माझ्यापेक्षा बरं.

नवा फोटो पाठवशील तेव्हा स्टिकरचा नको, मॉडेल नंबरचा पाठव. आणि येताना बेदाणा आण, हिरवा. मागच्या खेपेचा काळा आईला आवडला नव्हता, तोंडावर बोलली नाही इतकंच.

तुझा,
बाळ्या